एकतीस नंबरची पाठ

हाटकेश, मीरा रोड
१३ जानेवारी २०२४

प्रिय लिनेट,

खोक्यात सगळ्यात वर हे पत्र ठेवतेय. आधी हे वाच, मग चिलखतं बाहेर काढ. तुमच्या मालिकेच्या सेटच्या गेटवर फोन काढून घेतात आणि राहायच्या जागी रेंज नाही, हे कळल्यावर मी मनसुखभाईंना विचारलं, "आता लिनेटशी बोलायचं कसं?" तर म्हणाले, "टेंपो जाता है ना हर शनिवार? उसमें चिठ्ठी डाल दे." शेठची आजवर मला पटलेली ही पहिली आयडिया.

वर्कशॉपमधल्या टेबलाची तुझी बाजू आता दिव्या नावाच्या नव्या मुलीला दिलीय. पहिल्याच दिवशी तिने काळे डाग थिनरने पुसायला घेतले आणि एका सेनापतीची छाती चिकट करून ठेवली. शेठ ओरडले ते मलाच. म्हणून तुलाही पुन्हा सगळं सांगते, हसू नकोस. आधी नुसतं साबणाचं पाणी. एकमेकांना घासून लागलेले काळे ओरखडे असतील तर पांढरी टूथपेस्ट आणि मऊ फडकं. प्लास्टिक वाकून पांढऱ्या रेघा आल्या असतील तर हीट गन वीतभर लांब धरायची आणि हात सतत हलता ठेवायचा, एका जागी थांबलीस की फोड येणार. नखाला लागेल एवढा खोल ओरखडा असेल तर हात लावू नकोस, माझ्याकडे पाठव. पॉलिश पेपर मारून, पुट्टी भरून, रंग देऊन मी तो असा घालवीन की तुलाही सापडणार नाही.

आई बरी आहे. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नेते. अजून कुरकुरते, "ती नोकरी तुला आली होती, तू लिनेटचं नाव कशाला दिलंस?" मी म्हटलं, मी आउटडोअरला गेले तर तुला दवाखान्यात कोण नेणार? आणि लिनेट गेली म्हणजे मीच गेले.

रविवारी उत्तनला जाऊन तुझ्या ममाला, व्हेरा आंटींना भेटून आले. त्यांनी सुके बोंबील दिलेत, तळाशी पिशवीत आहेत. चिलखतांना वास लागला तर माझं नाव सांगू नकोस.

तुझी
पंचू


२० जानेवारी २०२४

पंचू,

बोंबील पोचले. चिलखतांना वास लागला आणि अख्खी फौज माझ्या खोलीभोवती फिरत होती.

इथे मजा आहे गं. तीस-पस्तीस सैनिक, सगळे रोजावर आलेले. सकाळी सोनेरी चिलखतं घालून आपल्या राजाचे, जेवण झालं की त्यावर काळे झगे टाकून शत्रूचे. त्यात एक सहादेवभाऊ आहेत, सहादेव खिल्लारे. तुझ्या आईच्या माहेरचे, वसमतकडचेच. वय पंचेचाळीस-सेहेचाळीस असेल. ते म्हणतात, "ताई, सकाळी ज्याला मी मारतो ते मीच असतो, अन् दुपारी मरतो ते बी मीच." पोट थोडं सुटलंय, म्हणून त्यांना एकतीस नंबरशिवाय दुसरं चिलखत बसत नाही. मी पट्टे बांधायला गेले की हात वर करून लहान मुलासारखे उभे राहतात. तुझ्याबद्दल सांगितलं तर म्हणाले, "माहेरची मानसं निघाली म्हना की." मावशीला त्यांचा जय भीम सांग.

एक काम आहे. फेब्रुवारीत किल्ल्याच्या भिंतीवरून सैनिक खाली लोंबकळतात असा सीन आहे. तीन चिलखतांच्या पाठीला हूक जाईल एवढी उभी चीर हवी. सत्तावीस, तीस आणि एकतीस. तिन्ही पाठवतेय. कापून लगेच परत दे.

ममाला सांग, मी रविवारी इथल्या चर्चला जाते. चर्च तीन किलोमीटरवर आहे आणि मी खरं तर एकदाच गेले, पण तू तसंच सांग.

तुझी
लिनेट


२७ जानेवारी २०२४

प्रिय लिनेट,

तिन्ही पाठींना चिरा कापल्यात, कडा घासून गोल केल्यात.

आता नीट ऐक. माणसाचं वजन चिलखतावर येता कामा नये. आत कमरेचा आणि मांड्यांचा पट्टा असतो ना, स्टंटवाले घालतात तो, हूक त्याला लागायला हवा. चीर फक्त हूक बाहेर यायला आहे. हे दोन मिलिमीटरचं प्लास्टिक आहे, दिसायला लोखंड, धरायला पापड. कुणी कितीही घाई केली तरी पट्ट्याशिवाय कुणाला अडकवू नकोस. मी हे शेठनाही सांगितलंय. ते म्हणाले, "लिख दे उसको." म्हणून लिहितेय.

सहादेवभाऊंचा जय भीम आईला दिला. तिने लगेच विचारलं, कुठल्या खिल्लाऱ्यांपैकी? आता ते विचारून कळव, नाहीतर ती मला जगू देणार नाही.

एकतीस नंबरला मी आतून जास्तीचा फोम लावलाय, पोटाला रुतायला नको म्हणून. त्यांना सांगू नकोस, लाजतील.

तुझी
पंचू


१० फेब्रुवारी २०२४

पंचू,

खोक्यात फक्त एकतीसची पाठ आहे. टेंपोत चढवताना खरचटली. ओरखडे काढ आणि चीर पण बंद करून टाक, तो सीन आता नाही. बुधवारपर्यंत परत हवी. माणूस घ्यायला येईल.

वर्कशॉपमध्ये करू नकोस, घरी कर. शेठ उगाच चौकशी करतील आणि माझ्या नावाने नुकसान लावतील. ही चिठ्ठी पण पाठीबरोबर परत पाठव, तिथे कुणाच्या हाती लागायला नको.

घाईत आहे.

लिनेट


इंद्रलोक, भाईंदर पूर्व
१४ फेब्रुवारी २०२४

प्रिय लिनेट,

झालं काम. तीन दिवस गॅलरीत बसून केलं. चीर मागून त्याच प्लास्टिकचा तुकडा चिकटवून बंद केली, वरून पुट्टी, मग पाण्यात भिजवून चारशे, आठशे आणि पंधराशेचा पेपर. शेवटी सोनेरी रंग आणि त्यावर थोडा काळा चोळला, बाकीच्या चिलखतांशी जुळावं म्हणून. आता शेठ स्वतः भिंग घेऊन बसले तरी चीर कुठे होती ते सांगू शकणार नाहीत. सहा वर्षांतलं माझं सगळ्यात चांगलं काम असेल हे. तुझी चिठ्ठी आत ठेवलीय.

पण एक विचारते. टेंपोत खरचटलं तर ओरखडे आडवे-तिडवे हवेत. चीर वरच्या टोकाला चार बोटं फाटली होती, ओरखडे तिथून वर खांद्याकडे गेले होते, आणि भोवती प्लास्टिक पांढरं पडलं होतं. प्लास्टिक ताणलं गेलं की तसं पांढरं पडतं. पाठ कुठे अडकून ओढली गेली का?

आणि मी लावलेल्या फोमवर तपकिरी डाग होता. तुमच्या शूटिंगचं नकली रक्त समजून साबण लावला. ते लगेच जातं. हे जाईना. शेवटी फोमच बदलला. चहा सांडला होता का कुणाचा?

तुझं पत्र फार कोरडं होतं. बरी आहेस ना? खिल्लारे कुठले ते आई रोज विचारतेय.

तुझी
पंचू


२४ फेब्रुवारी २०२४

पंचू,

रागावू नकोस, कामच तसं होतं. पाठ बघून आमचे प्रॉडक्शनवाले थक्क झाले. कुणालाच काही कळलं नाही. हो, गाडीच्या हुकात अडकली होती आणि चहाच सांडला होता.

एक बातमी आहे. मला आता पूर्ण कपडेपटाचं काम दिलंय. हाताखाली दोन मुली आहेत. शेड्यूल संपलं की पुढच्या मालिकेतही घेतो म्हणालेत. ममाला तू सांग, तिला तुझ्याकडून ऐकायला आवडेल.

सहादेवभाऊ काम सोडून गावाला गेले. त्यामुळे कुठले खिल्लारे ते विचारता आलं नाही. मावशीला सॉरी सांग.

तिच्यासाठी शाल पाठवतेय. दवाखान्यात एसीत बसते म्हणालीस ना.

तुझी
लिनेट


९ मार्च २०२४

लिनेट,

गुरुवारी दुपारी वर्कशॉपवर एक बाई आल्या. पायांत साध्या चपला, हातात दवाखान्याची फाइल. दारातूनच विचारलं, "चिलखतं हितंच करतेत का?" मनसुखभाईंना वाटलं शाळेच्या गॅदरिंगचं काम असेल. त्यांनी माझ्याकडे पाठवलं.

त्या म्हणाल्या, "ताई, एकतीस लंबरचं चिलखत बघायचंय."

मी विचारलं, कशाला?

"माह्या मालकाच्या अंगात होतं ते. सहादेव खिल्लारे. त्येन्ला पाठीला हूक लावून भिंतीवरून सोडलं अन् चिलखत फाटलं. चौदा फूट खाली दगडावर पडले. कंबर मोडली. एक पाय हालत न्हाई."

लिनेट, मी स्टुलावर बसले. त्या उभ्याच होत्या. त्यांना बसा म्हणायचंही मला सुचलं नाही.

मुक्ताबाई त्यांचं नाव. नवऱ्याला गावाला नेलेलंच नाही. एक महिना सरकारी दवाखान्यात होते, आता इथेच, भाईंदरला भाच्याच्या खोलीत पडून आहेत. तुमची कंपनी म्हणते की त्या दिवशी कुणालाच अडकवलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत ते आपणहून भिंतीवर चढले आणि पाय घसरून पडले. कॅमेरा चालू नव्हता. बाकीचे सैनिक गप्प आहेत. मुक्ताबाई म्हणाल्या, "मालक म्हनतेत, त्या पाठीवर हुकाच्या खुना असतील. ती पाठ सापडली तर साहेबाला दाखवता यील. खोटं बोलनारा मानूस न्हाई त्यो."

मी त्यांना काय सांगू? की बाई, त्या खुणा होत्या. वरच्या टोकापासून खांद्याकडे गेल्या होत्या. मी त्यांच्यावरून वीतभर अंतरावरून हीट गन फिरवली, पेपर मारला, रंग दिला. तुमच्या नवऱ्याचं रक्त लागलेला फोम काढून कचऱ्यात टाकला आणि मैत्रिणीला लिहिलं, चहा सांडला का म्हणून.

मी त्यांना एवढंच म्हटलं, की चिलखतं अजून सेटवर आहेत. त्यांनी फाइल छातीशी धरली आणि म्हणाल्या, "आलं की कळवा ताई, माझा फोन लिहून घ्या." मी लिहून घेतला. आकडा दोनदा चुकला.

तू मला सांगितलंस टेंपोत खरचटली. मी विचारल्यावर गाडीचा हूक म्हणालीस. माणूस दवाखान्यात होता तेव्हा गावाला गेला म्हणालीस. मी पट्ट्याचं लिहिलं होतं. ते पत्र तू वाचलं होतंस ना? मला फक्त काय झालं ते लिही. शालीची घडी मी मोडलेली नाही.

पंचशीला


१६ मार्च २०२४

पंचू,

सगळं लिहिते. आधी एक विनंती, वाचून हे पत्र माझं मला परत पाठव. मला माझ्या हाताने जाळायचंय.

स्टंटचे पट्टे मुंबईहून यायचे होते. आले नाहीत. ऊन उतरत होतं. प्रॉडक्शन मॅनेजर म्हणाला, "रिहर्सल आहे, अर्धा मिनिट. चिलखतालाच लाव." मी म्हटलं, पट्ट्याशिवाय लावायचं नाही, वर्कशॉपमधून लिहून आलंय. कोण आहे ती वर्कशॉपवाली, म्हणाला. सगळे हसले. मग म्हणाला, "नहीं होगा तो बोलो, दूसरी लड़की बुला लेंगे."

मी हूक लावला, पंचू. दुसऱ्या कुणी नाही, मीच. लावताना सहादेवभाऊंनी मान वळवून विचारलं, "ताई, धरेल ना?"

मी म्हटलं, "धरेल."

पुढचं मला लिहिता येत नाही. आवाज प्लास्टिक फाटल्याचा आला, माणूस पडल्याचा नंतर.

त्याच संध्याकाळी त्यांनी मला बसवून सांगितलं की हूक तू लावलास, पोलीस आले तर नाव तुझं. पाठ दुरुस्त करून आण, म्हणजे काही झालंच नाही. तुझ्याशिवाय ते कुणाला जमणार होतं? तुला खरं सांगितलं असतं तर तू केलं नसतंस. म्हणून खोटं बोलले. नोकरीत वर चढवलं तेही माझं तोंड बंद राहावं म्हणून. मला ते तेव्हाच कळलं होतं आणि तरी मी तुला आनंदाने कळवलं.

आता मुक्ताबाईंनी कामगार कार्यालयात अर्ज केलाय, २३ एप्रिलची तारीख आहे. कंपनी मला साक्षीला नेणार आहे. मी तिथे खरं सांगणार आहे. डॅडच्या कबरीची शपथ घेऊन लिहिते. तोवर तू कुणाला काही बोलू नकोस. आधी बोललीस तर ते मला एकटीला पुढे करतील आणि स्वतः सुटतील. मला माझ्या तोंडाने सांगू दे. एवढं दे मला.

लिनेट


२३ मार्च २०२४

लिनेट,

पत्र परत पाठवतेय. मी एकदाच वाचलं.

तू म्हणतेस म्हणून तारखेपर्यंत गप्प बसते. मुक्ताबाईंचा दोनदा फोन आला. दोन्ही वेळा मी म्हटलं, अजून माल आला नाही, मला काही माहीत नाही. तुझ्यासाठी मीही खोटं बोलायला लागले, हे लक्षात ठेव.

सहादेवभाऊंना बघून आले. मी कोण ते सांगितलं नाही, आईच्या गावची एवढंच म्हटलं. ते कुठल्या खिल्लाऱ्यांपैकी हे आईला आता कळलंय. तिच्या चुलतबहिणीचे दीर लागतात.

तारखेला येते. तू एकटी नसशील.

पंचू


२५ एप्रिल २०२४

लिनेट,

तुमचं शेड्यूल संपलं, सेटवर पाठवलं तर पत्र तुला मिळणार नाही. म्हणून उत्तनच्या पत्त्यावर पोस्टाने पाठवतेय. फोन मी मुद्दाम केला नाही. फोनवर तू रडशील आणि मी थांबेन.

परवा काय झालं ते तुला माहीत आहे, तू तिथेच होतीस. तरी लिहिते. माझ्या बाजूने ते कसं दिसलं हे तुला कळू दे.

मी सकाळी एकतीसची पाठ घेऊन निघाले. सगळी चिलखतं परत आली होती. शेठना सांगितलं, ही नेतेय, कामगार कार्यालयात. ते मान वळवून म्हणाले, "ले जा. मैंने देखा नहीं." तू खरं सांगशील, मग साहेब विचारतील पाठ कुठे आहे, मग मी दाखवीन, असं सगळं मी डोक्यात जुळवून ठेवलं होतं. तुला पाणी लागेल म्हणून बाटलीसुद्धा घेतली होती.

तू कंपनीच्या माणसांबरोबर आलीस. मी हात केला, तू बघितलं नाहीस. मला वाटलं घाबरलीय.

अधिकारी बाईंनी तुला विचारलं, "यांना हुकाला अडकवलं होतं का?"

तू म्हणालीस, "नाही मॅडम. हूक लावलाच नव्हता."

"मग त्या पाठीला चीर होती, असं अर्जदार म्हणतात."

"होती. ती वर्कशॉपमधूनच चुकून कापून आली होती. मी परत पाठवली. तिथल्या पंचशीलाने बंद करून दिली. त्यांची चूक होती, त्यांनीच झाकली."

तिथल्या पंचशीलाने. सहा वर्षं एका डब्यात जेवलो आणि मी 'तिथली पंचशीला' झाले.

मुक्ताबाईंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. आधीचा महिनाभर ज्या बाईला मी 'माल आला नाही' म्हणत होते तिला त्या क्षणी कळलं की मीच ती. मला त्या शिव्या देतील असं वाटलं. त्यांनी दिल्या नाहीत. फाइल छातीशी धरून त्या पुन्हा पुढे वळल्या. ते शिव्यांपेक्षा वाईट होतं.

अधिकारी बाईंनी मला पुढे बोलावलं. "तुम्ही डाग काढलेत?"

"हो."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"हिच्या."

"काही लेखी आहे?"

लिनेट, होतं. दोन पत्रं होती. दोन्ही तू मागितलीस आणि मी परत पाठवली. बाकीची जपून ठेवावी असं मला कधी वाटलंच नव्हतं.

मी म्हटलं, "नाही. पण पाठ आणलीय. मला एक वाटी पाणी द्या."

कंपनीचा वकील हसला. त्या पाठीवर काहीच दिसत नव्हतं, इतकं चांगलं काम मी केलं होतं. मी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, पर्समधून चारशेचा पेपर काढला आणि घासायला लागले. तू तेव्हा खिडकीबाहेर बघत होतीस. आधी सोनेरी गेलं, मग खालचा करडा रंग, मग पुट्टी. पाणी गढूळ झालं, वर्तमानपत्र भिजून टेबलाला चिकटलं. पंधरा-वीस मिनिटं मी घासत राहिले. मग चीर दिसायला लागली. तिची वरची कड मी कापली तशी गोल नव्हती, फाटून वर गेली होती, चार बोटं.

मी बाईंना सांगितलं, "मॅडम, कापलेलं आणि फाटलेलं यातला फरक बघा. आणि हेही बघा." दोन्ही हातांनी पाठ धरून मी हळूच वाकवली. प्लास्टिक एकदा ताणलं गेलं की गरम करून साफ दिसतं, पण तिथे ते पातळ झालेलं असतं. वाकवल्याबरोबर त्याच जागी पांढऱ्या रेघा उमटल्या. चिरेपासून वर खांद्यापर्यंत, फांद्यांसारख्या. आतून माणसाच्या वजनाने आणि वरून हुकाने ओढल्यावरच असं होतं, हे तिथल्या शिपायालाही कळलं.

बाहेर बाकावर तुमच्या सेटवरचे दोन सैनिक बसले होते, सत्तावीस आणि तीस नंबरवाले. कंपनीनेच आणलेले. त्यांतला एक आत येऊन ती पाठ बघून रडायला लागला. म्हणाला, "त्याच्यानंतर माझा नंबर होता." मग दोघांनी जबानी दिली.

बाईंनी कंपनीला भरपाई आणि उपचारांचा सगळा भार उचलायला सांगितलंय. त्यांचा वकील म्हणतो वरच्या कोर्टात जाऊ, पण काल मॅनेजर स्वतः भाच्याच्या खोलीवर येऊन गेला म्हणे, तेव्हा बहुतेक जाणार नाहीत. सहादेवभाऊंचं पुढच्या आठवड्यात पायाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात काठीने चालतील. पूर्वीसारखे नाहीत.

शेठनी मला आज बोलावलं. "पंचशीला, तू सही है. लेकिन मेरा धंधा इन्हीं लोगों से है." मी माझी हीट गन आणि डबा घेऊन घरी आले.

तू घाबरलीस हे मला समजतं. हूक लावलास ते घाबरून. मला खोटं लिहिलंस तेही घाबरून. इथपर्यंत मी तुझ्या बाजूने स्वतःशी भांडत होते. पण तू मला महिनाभर गप्प बसवलंस, पत्रं काढून घेतलीस, आणि मग माझंच नाव घेतलंस. ते घाबरून नव्हतं. त्याला विचार करावा लागतो.

शाल पार्सलमध्ये आहे.

पंचशीला


उत्तन
१८ जून २०२४

पंचू,

फोन तू उचलत नाहीस. दोनदा इंद्रलोकला आले, मावशीने दार उघडलं आणि "ती नाही" म्हणाली. आतून हीट गनचा आवाज येत होता.

मला कामावरून काढलं. साक्ष फिसकटली ना, मग मी त्यांच्या काय कामाची? दोन महिने घरीच आहे. गावातल्या गेविनच्या होडीवर मासळी निवडायला जाते.

तू लिहिलंस ते खरं आहे. तारखेच्या आठ दिवस आधी त्यांनी मला ऑफिसात बोलावलं आणि दोन कागद पुढे ठेवले. एकात चूक माझी होती, एकात तुझी. म्हणाले, निवड. मी तुझा निवडला. मनात म्हटलं, पंचूचं काय, ओरडा पडेल, नोकरी जाईल फार तर, तिला कुठेही काम मिळेल. मला जेल होईल. आणि पंचू माफ करेल, ती करतेच. हो, मी विचार करूनच केलं. तुला माफ करायची सवय आहे हा हिशोबही त्यात धरला होता.

ममा रोज विचारते, "पंचशीला काय येत न्हाय? तुमचं काय झालं हाय?" मी सांगते, तिला काम खूप आहे. तिने तुझ्यासाठी बोंबील बांधून ठेवलेत. ते बघून मला घरात थांबवत नाही.

एकदा भेट. ओरड, मार, पण भेट. तू म्हणशील तिथे येते.

लिनेट


इंद्रलोक, भाईंदर पूर्व
२६ जून २०२४

लिनेट,

पत्र मिळालं. या वेळी तू काही लपवलं नाहीस, म्हणून उत्तर देतेय.

माझं बरं चाललंय. नाटकवाले, शाळावाले चिलखतं घरी आणून देतात. दिव्यानेही शेठना सोडलं, आता माझ्याबरोबर गॅलरीत बसते. ओरखडा आला की मी आधी विचारते, कशाने झाला. समोरच्याने नीट सांगितलं नाही तर परत देते. लोकांना विचित्र वाटतं.

मला तुला भेटायचं नाही. राग आहे म्हणून नाही. राग कमी होईल हे मलाही माहीत आहे. पण तू समोर बसलीस की मी तुझ्याकडे बघून आधी हे शोधीन, की ही आत्ता कुठलं खोटं बोलतेय. सहा वर्षांत मी तुझ्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतं. आता दुसरं काही जमणार नाही.

व्हेरा आंटींना खोटं सांगू नकोस. त्यांना सांग, पंचशीला येणार नाही, आणि का ते पण सांग.

आणि तुला कुणाला भेटायचंच असेल तर सहादेवभाऊंना भेट. ऑपरेशन झालं, भिंत धरून चार पावलं टाकतात. मी दर रविवारी जाते. मागच्या रविवारी तुझा विषय निघाला. मुक्ताबाई तुझं नाव ऐकून उठून मोरीत गेल्या. पण ते म्हणाले, "त्या पोरीवर राग नगा धरू. साक्ष फिरवली ती भ्यानं फिरवली असंल. पन हूक लावताना तिनं फसवलं न्हाई मला. मी इचारलं, धरेल ना, तर धरेल म्हनली. तिला बी खरंच वाटलं आसंल धरेल म्हनून. तिला कुनी सांगितलं नसंल."

पट्ट्याशिवाय कुणाला अडकवू नकोस असं मी तुला आधीच लिहून कळवलं होतं, हे त्यांना अजून माहीत नाही.

ते मी सांगणार नाही. तू जाऊन सांग.

पंचशीला